शेवटच्या ओळीआधी

७ जानेवारी

ज्याच्या कृपेवाचून कोरड्या मुळाला ओल सापडत नाही आणि मुक्या जिभेला शब्द सापडत नाही, त्या दयाघनास प्रथम नमन. त्याने आजवर माझ्याकडून पुष्कळ लिहून घेतले. हे एक पत्रही घ्यावे, आणि ते संपेपर्यंत माझ्यातल्या उपदेश करणाऱ्या म्हातारीला दाराबाहेर बसवून ठेवावे.

चि. शेपूट हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

पाकिटावर तुझे पूर्ण नाव आणि हुद्दा नीट लिहिला आहे. आत मात्र मला हेच सुचते. तू बाबांच्या मागे मागे फिरायचीस म्हणून त्याने ठेवलेले हे नाव आता वापरणारे कोणी उरले नाही. ते मोडीत निघू नये, एवढाच माझा स्वार्थ.

बाबा गेल्याला महिना होत आला. तू आली नाहीस. ‘असताना त्यांना माझ्यासाठी थांबायला सवड नव्हती, आता मी कशाला धावत येऊ?’ असे तू फोनवर म्हणालीस, आणि तुझ्या आईने ते वाक्य मला जसेच्या तसे आणून दिले, काचेची वस्तू आणतात तसे, दोन्ही हातांनी. मी रागावलेले नाही. तुझ्या म्हणण्यात खरे किती, हे मोजायला माझ्याकडे तराजू नाही.

पत्राचे कारण निराळे आहे. एक मार्चच्या संध्याकाळी प्रार्थनागृहात तुझ्या बाबांचे स्मरण करायचे ठरले आहे. बोलायचे मी. धाकट्या भावाविषयी थोरल्या बहिणीने बोलावे, हा क्रम उलटा आहे खरा. पण क्रम लावणारे आपण नव्हे. लोक मला भेटून आपापल्या आठवणीतला माणूस देऊन जातात. कोणाकडे आजारपणात उशाशी बसलेला आहे, कोणाकडे तिरडीला खांदा देणारा, कोणाकडे भांडणात मध्ये पडून दोन्हीकडच्या शिव्या खाणारा. तुझ्याकडचा माणूस मात्र कोणाकडेच नाही. तो मला हवा आहे. रागाने लिहिलास तरी चालेल.

माझ्याकडचा सांगते. पहाटेचा आहे. धुके इतके की रस्त्याला दुसरी बाजूच नाही. त्यात तो उभा, पाणीखात्याची लांब लोखंडी चावी जमिनीतल्या झडपेवर टेकवलेली आणि तिचे वरचे टोक कानाला. गल्लीगल्लीला पाणी सोडायचे हे त्याचे काम. पण सोडण्याआधी तो ऐकायचा. मी विचारले, ‘काय ऐकतोस रे?’ म्हणाला, ‘ताई, पाणी चाललंय. वरच्या आळीला पोचलं की आवाज बदलतो. मग खालच्यांचं उघडायचं.’ खालची मंडळी रिकाम्या बादल्या वाजवत असायची. कोणी ओरडायचे, ‘अहो चावी, झोपलात काय?’ सारे गाव त्याला चावीच म्हणायचे. तो डोळे मिटून म्हणायचा, ‘वरच्या आजीचा हंडा भरतोय. तुमचा तरुण नळ आहे, त्याला दम धरवेल.’

आणि घरी तुझी आई रिकामा माठ पुढे सरकवून म्हणायची, ‘भाजा लष्कराच्या भाकऱ्या!’ तो हात धुताधुता म्हणायचा, ‘अगं, लष्कर उपाशी राहिलं तर आपल्याला राखणार कोण?’ मग गुपचूप माठ उचलायचा. हे तुलाही आठवत असेल.

तुझी आई ठीक आहे.

तुझी,
आत्या


२३ जानेवारी

चि. शेपूट, आशीर्वाद.

उत्तर आले नाही. टपाल मंद असते आणि मन त्याहून मंद. म्हणून मीच पुन्हा लिहिते. म्हातारपणी मानपानाचे ओझे उतरवून ठेवले की हात हलका राहतो.

इथे एक वाद उभा राहिला आहे आणि त्याचा निवाडा माझ्या गळ्यात पडला आहे. संध्याकाळची प्रार्थना वर्षानुवर्षे तुझे बाबाच सांगायचे, हे तुला ठाऊकच आहे. शेवटचे स्तोत्र तूही विसरली नसशील:

तूच देणारा, तूच राखणारा,
तूच हाक ऐकणारा,
तूच सोबत येणारा.

मी निवृत्त होऊन इथे राहायला आले तेव्हापासून पाहते आहे. शेवटच्या ओळीआधी तो थांबायचा. श्वास घेण्यापुरता नव्हे, चांगला थांबायचा. डोळे मिटलेले. डावा हात हळूच खाली यायचा, गुडघ्याच्या जरा वर, पंजा जमिनीकडे. मग तो हात उचलायचा आणि सारे मिळून शेवटची ओळ म्हणायचे. त्याचे पाहून एकेक जण तसे करू लागला. आता तर चालायला लागलेले पोरही त्या जागी आपला डावा पंजा खाली धरते.

आपले कार्यवाह मास्तर. त्यांनी शाळा सोडली, पण शाळेने त्यांना सोडलेले नाही. त्यांनी स्तोत्रांची नवी पुस्तिका काढायला घेतली आहे आणि तळटिपेत या थांब्याचा अर्थ द्यायचा आहे. त्यांचे म्हणणे, ‘डावा हात म्हणजे अहंकार. तो मातीला अर्पण करायचा. उघड आहे.’ तुझ्या बाबांच्या हाताखाली नळ जोडणारा जो जोडारी, तो म्हणाला, ‘नाही हो मास्तर, मातीला शांत करायचं असतं. आम्ही झडप बंद करताना असंच करतो.’ दोघांनी माझ्याकडे पाहिले.

मी मूळ ग्रंथ काढला. त्यावरची भाष्ये काढली. कपाटाच्या तळाशी होती तीही काढली; वाळवीचा अभ्यास माझ्याहून पुढे गेलेला आढळला. थांबा कुठेच नाही. उलट छंदाच्या दृष्टीने दुसरी ओळ तिसरीत वाहत जाते. मध्ये उभे राहायला जागाच नाही. मी मास्तरांना तसे सांगितले. खोटा आधार देणे मला जमले नसते.

मास्तर गंभीर झाले. ‘मग काढायला हवा, बाई. श्रद्धा म्हणजे सवय नव्हे.’

जोडारी म्हणाला, ‘चावी गेला. थांबा तरी राहू द्या की.’

‘माणसावर प्रेम करा. ग्रंथात भर घालू नका.’

मास्तर वाईट माणूस नव्हे, हे ध्यानात ठेव. तुझे बाबा गेले त्या दिवशी कोपऱ्यात उभे राहून ते एकच छत्री पुन्हा पुन्हा उघडत-मिटत होते.

त्या संध्याकाळपासून थांबा बंद झाला. स्तोत्र सरळ वाहत गेले, शुद्ध आणि बिनचूक. पुष्कळांचे हात सवयीने अर्धे खाली गेले आणि अवघडून परत आले. सभागृह मला एकाएकी मोठे वाटले, सामान हलवल्यावर खोली वाटते तसे.

पहाटे स्वप्न पडले. मी गावाखालून चालते आहे. वर रस्ते, घरे, माणसांची पावले. खाली सगळीकडे निळसर अंधार आणि नळ्यांमधून गुणगुणत जाणारे पाणी. पुढे तो, कानाला चावी लावून. मी म्हटले, ‘चल ना, उशीर होतोय.’ त्याने बोट ओठांवर ठेवले. ‘थांब ताई. अजून पोचलं नाही.’ कोण, कुठे, हे विचारण्याआधीच जाग आली. कानात तो आवाज होता. पाहते तो नळ सुटलेला आणि बादली भरून वाहते आहे.

तुझ्याकडचा माणूस पाठव.

आत्या


९ फेब्रुवारी

चि. शेपूट,

तुझे पत्र पोहोचले. लहान आहे, पण मी ते पुष्कळ वेळ वाचले. ‘तुम्हाला माझ्याकडचा माणूस हवा ना, आत्या? घ्या. बसची खिडकी आहे. मी खिडकीत आहे. आई खाली उभी आहे. तिच्या शेजारची जागा रिकामी आहे. कंडक्टर घंटी मारतो. हाच तो माणूस. ती रिकामी जागा.’

मी त्याचे समर्थन करणार नाही. ते करायला मला ग्रंथ अपुरे पडले नसते. दातृत्वावर हवी तेवढी वचने आहेत. पण तुझ्या पत्रानंतर वचने काढणे म्हणजे रडणाऱ्या माणसाला व्याकरण शिकवणे.

जोडाऱ्याला विचारले. तू गाव सोडून निघालीस त्या दिवशी इस्पितळाला जाणारी मोठी नळी फुटली होती, हे खरे. पण तो पुढे म्हणाला, ‘बाई, खोटं कशाला बोलू? आम्ही होतो तिथं चौघं. मी म्हणालो, चावी, तुम्ही जा, पोरगी निघालीय. ते म्हणाले, झालंच आता, झालंच. आणि चिखलात उतरले.’ म्हणजे त्याला जाता आले असते. तो गेला नाही. ते तसेच आहे आणि तसेच राहील. एक मार्चला बोलताना मी हेही सांगणार आहे. चुका वगळून उरतो तो पुतळा, माणूस नव्हे.

आता मला माझेच एक वाक्य दुरुस्त करायचे आहे. ‘तुझी आई ठीक आहे’ असे मी लिहिले होते. थांबा बंद झाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती प्रार्थनेला आलेली नाही. पहिल्यांदा गुडघा म्हणाली, मग सर्दी, मग काहीच म्हणेना. परवा दुपारी मी तिच्याकडे गेले. स्वयंपाकघरात उन्हाची एक पट्टी जमिनीवर पडली होती आणि ती तिच्या कडेला बसून त्याचे खाकी सदरे घडी करत होती. धुतलेले सदरे पुन्हा मोडायची आणि पुन्हा घडी घालायची.

‘येत का नाहीस?’ मी विचारले.

‘येऊन काय करू, वन्सं? तुम्ही आता गाडी सुटल्यासारखं म्हणता.’

‘तो थांबा ग्रंथात नाही गं.’

ती हसली. एवढ्या दिवसांत प्रथमच. ‘ग्रंथात कसा असेल? तो आमच्या घरातला आहे.’

मग ती उठली. उन्हाच्या पट्टीत उभी राहिली आणि डावा हात खाली धरला, गुडघ्याच्या जरा वर, पंजा जमिनीकडे.

‘इथं तिचं डोकं यायचं.’

मला लगेच कळले नाही. हे पत्र वाचताना तुला माझ्याआधी कळले असेल.

तू नुकती बोलायला लागली होतीस. बाबांच्या डाव्या बाजूला, त्यांच्या विजारीला धरून उभी राहायचीस. सगळ्यांबरोबर स्तोत्र म्हणायचा तुझा हट्ट, आणि जीभ बोबडी. सारे तिसऱ्या ओळीला पोहोचायचे तेव्हा तू दुसरीत घोटाळत असायचीस आणि मागे पडलीस की भोकाड पसरायचीस. मग तो थांबायला लागला. तुझ्या डोक्यावर हात ठेवायचा आणि तुझे ‘हाक ऐकणाला’ पुरे होईपर्यंत अवघ्या सभागृहाला उभे करून ठेवायचा. तू पोहोचलीस की मग सगळे निघायचे.

‘पण ती मोठी झाली की,’ मी म्हटले. ‘मागच्या रांगेत मैत्रिणींत बसायची.’

‘हो ना. तेव्हा सुटलंच होतं ते. मीही विसरले होते.’ तिने सदरा छातीशी धरला. ‘ती गेली ना, त्या दिवशी संध्याकाळी हे तसेच चिखलाचे प्रार्थनेला आले. शेवटच्या ओळीआधी थांबले. इतके थांबले की लोक डोळे उघडून बघायला लागले. मी बघितलं, तर हात खाली. तेवढाच खाली. आणि मग रोज.’

जुन्या मंडळींना वाटले, वयाने दम लागतो. नवीन आलेल्यांना वाटले, शास्त्र आहे. मी तेव्हा परगावी शिकवत होते. आले तोवर ती रीत झाली होती, आणि रीत झाली की विद्वान माणूस तिच्यात अर्थ शोधतो, माणूस शोधत नाही.

‘त्याला विचारलं नाहीस कधी?’

‘विचारलं एकदा. म्हणाले, अगं, ती मागं राहिलीय, येईल. तुम्ही म्हणा तुमचं.’

‘आणि तू कोणाला सांगितलं नाहीस?’

‘कुणी विचारलं नाही. आणि काय सांगायचं? गावाला वाटत होतं देवासाठी हात खाली करतोय. करेनात का. देवाचं काय नुकसान आहे त्यात?’

मग तिने मला बजावले, ‘तिला कळवू नका हां, वन्सं. दया आली म्हणून येईल. तसं नको.’

मी मान हलवली. माझी मान हल्ली तशीही हलत असते.

म्हणून कळवते आहे. यावे म्हणून नव्हे. बसजवळची ती जागा रिकामीच होती आणि ती मला भरता येणार नाही. पण तू म्हणालीस, त्याला तुझ्यासाठी थांबायला सवड नव्हती. लेकी, तो रोज थांबायचा. एकटा नाही, आम्हा सगळ्यांना घेऊन. आम्हाला ठाऊकही नव्हते की आम्ही तुझी वाट पाहत आहोत.

आत्या


२१ फेब्रुवारी

चि. शेपूट,

काल तुझा फोन आला. मी उचलताच विचारलेस, ‘डावाच हात ना?’ मी ‘डावा’ म्हटले. पलीकडे भांडे ठेवल्यासारखा आवाज झाला आणि तू म्हणालीस, ‘मार्च संपेपर्यंत रजा मिळणार नाही.’ ही तक्रार होती की सुटका, ते मी ठरवत बसले नाही. पण त्या संध्याकाळी फोनवर असशील, असे आपणहून म्हणालीस. तेवढे पुरे. आईला मी इतकेच सांगितले की तू फोन करणार आहेस. तिने माझ्याकडे संशयाने पाहिले आणि म्हणाली, ‘वन्सं, तुमची मान भारी लबाड आहे.’

मास्तरांकडे गेले. म्हटले, ‘त्या दिवसापुरता थांबा ठेवू या.’

‘आधार मिळाला?’

‘ग्रंथात नाही.’

‘मग कारण?’

‘ते सांगण्यासारखे नाही.’

मास्तरांनी चष्मा काढला. ‘बाई, तुम्ही? आणि कारणाशिवाय?’ मग बराच वेळ काच पुसत राहिले. ‘बरं. एकदाच.’

आत्या


२ मार्च

चि. शेपूट, पुष्कळ आशीर्वाद.

काल तुला आवाज ऐकू आले. दिसले काहीच नाही. म्हणून जे दिसले ते लिहिते.

खिडक्यांतून दिवसाचा शेवटचा उजेड आडवा येत होता आणि त्यात माणसे उभी होती. बसायला जागा नव्हती. वरच्या आळीची मंडळी आली होती, खालचीही, आणि आज कोणी बादली वाजवत नव्हते. जोडाऱ्याने ती लांब चावी पुसून भिंतीला टेकवून ठेवली होती. मी बोलले ते तू ऐकलेस. नळी फुटल्याचा दिवसही सांगितला. कोणी चुळबुळ केली नाही. मागून एक बाई एवढेच म्हणाली, ‘जायला हवं होतं हो त्यांनी.’ आणि सगळ्यांनी मान डोलावली. मला वाटते, त्या क्षणी तो आम्हा सर्वांना अधिकच आवडला.

मग स्तोत्र. त्याच्या जागी सांगायला मी उभी होते. तुझी आई पहिल्या रांगेत उभी होती. मोबाईल तिने तोंडासमोर धरला होता, समईची ज्योत धरावी तसा. तू आमच्याबरोबर म्हणत होतीस. पण एवढ्या लांबून आवाज यायला वेळ लागतो, त्यामुळे तू प्रत्येक ओळीला मागे पडत होतीस. आम्ही ‘राखणारा’ला, तू ‘देणारा’ला. मला सांगायचेच होते ते हे, की तुला तिकडे कळले नसेल. तू वेळेवरच म्हणत असशील. इथे मात्र तू मागे होतीस.

आम्ही दुसरी ओळ संपवली. मी थांबले. सभागृह थांबले. सगळ्यांचे डावे हात सावकाश खाली आले, मास्तरांचाही. आणि तुझ्या आईचाही आला. तिच्या लक्षात नव्हते की मोबाईल त्याच हातात आहे.

त्या शांततेत, गुडघ्याच्या जरा वरून, जिथे तुझे डोके यायचे नेमक्या तिथून, तुझा आवाज आला: ‘तूच हाक ऐकणारा.’

कोणी हलले नाही. कोणाला काही सांगितलेले नव्हते. पण सगळे उभे राहिले, तू पुरी पोहोचेपर्यंत. जोडारी डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून ऐकत होता, कानाला चावी लावल्यासारखा. मग हात वर आले आणि शेवटची ओळ आम्ही तुझ्याबरोबर म्हटली.

तुझ्या आईने मोबाईलकडे पाहिले, मग माझ्याकडे. डोळे भरलेले आणि आवाज नेहमीचा. ‘अजून मागंच आहे कार्टी,’ ती म्हणाली.

मंडळी पांगल्यावर मास्तर जवळ आले. त्यांनी विचारले काहीच नाही. ‘बाई, पुस्तिकेत त्या जागी एक ओळ कोरी सोडतो,’ म्हणाले. ‘टीप नको.’ आणि ऊन-पाऊस काही नसताना छत्री उघडून निघून गेले.

आज आईने पुन्हा संध्याकाळी जायचे म्हणून चपला दाराशी काढून ठेवल्या आहेत. खाकी सदरे कपाटात गेले. एक तेवढा तिने बाहेर ठेवला आहे. का ते मी विचारले नाही, तूही आलीस तर विचारू नकोस. तू ‘येईन’ म्हणालीस, कधी ते म्हणाली नाहीस. हरकत नाही. थांबायची रोजची जागा ठरलेली आहे आणि आता सारे गाव त्यात तयार झाले आहे.

हे पत्र तुझ्या हातून पुढे आणखी कोणाच्या हाती गेले, तर त्यालाही या म्हातारीचा आशीर्वाद असो. जो कोणी हे वाचेल, त्याच्या घरचा माठ भरलेला राहो. जो पुढे गेला असेल, त्याला थांबण्याची बुद्धी होवो. जो मागे राहिला असेल, त्याच्या माथ्यावर ओळखीचा हात येवो. आणि सगळ्यांची शेवटची ओळ एकत्र म्हटली जावो.

तुझी,
आत्या